किल्ली

चिलोएच्या पूर्वेला, नकाशावर
शाईचा शिंतोडा पडावा तेवढं आमचं बेट.
पाद्री वर्षातून एकदा येतात, बोटीने,
तेही समुद्राची मर्जी असली तर.
उरलेले एक्कावन्न रविवार
चर्च सांभाळायचं ते फिस्कालने:
दार उघडायचं, घंटा वाजवायची,
येतील त्यांच्यासोबत जपमाळ म्हणायची,
कुणी गेलं तर मातीही द्यायची.

एर्मोहेनेस चिगुआय यांनी हे चाळीस वर्षं केलं.
मग त्यांचे गुडघे गेले.
मुलगे त्याआधीच गेले होते,
पलीकडे, सॅमनच्या कारखान्यांत.
उरलो मी, जावई.
धड बेटाचा नाही, धड भक्तीचा नाही.
किल्ली हाताच्या पंजाएवढी, आणि गार.

पहिल्याच हिवाळ्यात, एका रविवारी,
असा वारा सुटला की कोंबड्या भिंतीला चिकटल्या.
मी चुलीपाशी बसून राहिलो.
येणार तरी कोण होतं?
दुपारी त्यांच्या खाटेशी बटाट्याचं सूप नेलं.
"वाजवलीस?"
"वाजवली."
त्यांनी चमचा उचलला.
तेव्हा त्यांचे कान असे शाबूत होते
की आवारातलं कोणतं कोकरू शिंकलं
ते अंथरुणातून सांगत.

शनिवारी त्यांनी किल्ली मागितली.
वाटलं, सुटलो.
मेंढीच्या चरबीत चिंधी बुडवून
त्यांनी तिचा एकेक दात पुसला,
जेवलेल्या बाळाचं तोंड पुसावं तसा,
आणि परत माझ्याच तळहातावर ठेवली.
चकार शब्द नाही.
ओरडले असते, तर मी
पुढच्या बोटीने निघून गेलो असतो.
चरबीचा वास मात्र दोन दिवस जाईना.

तेव्हापासून मी सुधारलो असं कुणी समजू नये.
पुष्कळदा फक्त त्या वासाच्या लाजेने गेलो.
कधी बायकोशी भांडण झालं म्हणून गेलो,
चर्चमध्ये निदान शांतता होती.
म्हातारी एदुविहेस यायची, तिचा कुत्रा यायचा,
तो पुरुषांच्या बाजूला बसायचा.
प्रार्थना म्हणताना मी छताची गळती मोजायचो.

मग गळती मोजता मोजता शिडी लावली.
अलेर्सेच्या फळ्या, खवल्यांसारख्या,
पश्चिमेची भिंत वाऱ्याने आधी कुजते.
दर उन्हाळ्यात दोन-तीन ओळी बदलायच्या,
पहिली ओळ संपेस्तोवर शेवटची काळी पडते.
बाराव्या वर्षी लक्षात आलं,
त्या भिंतीत जुनी एकही फळी उरलेली नाही,
तरी भिंत तीच आहे.
खिळे तोंडात धरून मी बराच वेळ
शिडीवरच उभा राहिलो.

दरम्यान एर्मोहेनेस यांचे कान गेले.
तोफ डागली तरी कळू नये इतके.
तरी दर रविवारी ओठांकडे बघत विचारायचे,
"वाजवलीस?"
आता खोटं बोलणं किती सोपं झालं होतं!
आणि आता ते सुचायचंच नाही.
दोर हातात यायचा, गारठलेला, मीठ लागलेला,
मी ओढायचो.
प्रभू, हे माझ्यात कधी उगवलं
ते तुलाच ठाऊक.
मी पेरल्याचं मला आठवत नाही.

गेल्या ऑगस्टमध्ये मात्र पुन्हा चुकला एक रविवार.
रात्रभर बोटीचं इंजिन खोलून बसलो होतो,
सकाळी डोळाच उघडला नाही.
सूप घेऊन गेलो.
"वाजवलीस?"
"नाही. झोपलो होतो."
त्यांनी माझे ओठ पुन्हा पाहिले,
नीट वाचले ना याची खात्री करावी तसे.
मग बोळकं तोंड उघडून हसले,
आणि उशाशी चिंधीकडे हात नेला.

दुपारचे चार वाजले होते.
जाऊन वाजवली.
कुत्रा आला.